धुतलेली वाकळ

सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा हसीनाबीला डुलकी लागत होती, आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावरच्या हवालदाराच्या बायकोनं हातातल्या बांगड्या काढून फळीवर ठेवल्या. एकेक करून, वाजू नयेत अशा. मग ती मोरीत उतरली आणि रक्तानं भरलेली वाकळ पायांनी तुडवू लागली. एसीच्या गारठ्यातही हसीनाबीच्या मानेवर घाम फुटला. रविवारचा दुपारचा खेळ, धाराशिवातलं थिएटर निम्मं रिकामं. सून शाहिस्ता हौसेनं घेऊन आली होती, कारण सिनेमाचं थोडं चित्रीकरण नळदुर्गच्या किल्ल्यात झालं होतं आणि तिचा मामेभाऊ गर्दीत कुठं तरी दिसणार होता. तो दोन सेकंद दिसला, शाहिस्तानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, आणि तिच्यापुरता सिनेमा संपला. बाकी सगळा कंटाळाच होता. लाच खाणारे चार पोलीस, कोठडीत मेलेला एक गरीब माणूस, आणि सूड घ्यायला निघालेला त्याचा भाऊ. भाऊ इतका तगडा, की मागच्या रांगेतली पोरं त्याच्या प्रत्येक ठोशाला मोठ्यानं आकडे मोजत होती. पण ती बांगड्यांची बाई खोटी नव्हती. लाल पाणी मोरीच्या तोंडाशी गोल फिरलं, थोडा वेळ थांबलं, मग खाली गेलं. अगदी असंच गेलं होतं. हसीनाबीनं ओढणी तोंडाशी धरली. बांगड्या काढल्याचं जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरा फारुख, तिचा नवरा, लावलेल्या दाराशी पाठमोरा उभा राहून फटीतून बाहेर पाहत असलेला. तो मरूनही तीन वर्षं झाली होती.

"अम्मी, क्या हुआ?" शाहिस्तानं विचारलं.

"कुछ नै. थंडी वाजती."

त्यानंतरचा सिनेमा तिनं पाहिला की नाही, तिला सांगता आलं नसतं. पडद्यावरच्या बाईनं वाकळ वाळवली आणि चुलीत घालून जाळून टाकली. तिथं मात्र हसीनाबी मनात म्हणाली, नाही. असं नाही झालं. मग भावानं चारही पोलीस किल्ल्याच्या पायऱ्यांवर मारले, शेवटच्याला मारताना गाणं लागलं, मागची पोरं गाण्यावर शिट्ट्या मारत बाहेर पडली. "पैसे पाण्यात गेले की," जिन्यात कुणी तरी म्हणालं. शाहिस्ताही हसली. हसीनाबी जिना उतरताना प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होती. कोण आपल्याकडं पाहतंय? रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, शाहिस्तानं मुद्दाम तर आणलं नसेल? ही पोरगी कधी सिनेमाला चला म्हणत नाही. मग आजच कसं म्हणाली? सुनेच्या मेंदी उतरलेल्या बोटांकडं, मोबाइलवर खालीवर फिरणाऱ्या अंगठ्याकडं तिनं इतकं रोखून पाहिलं, की शाहिस्तानं मोबाइल पर्समध्ये ठेवला. का ठेवला? हसीनाबीला तेही खटकलं.

चोवीस वर्षं झाली होती. तेव्हा ते तालुक्याच्या एका गावी पोलीस लाइनीत राहत होते. एक खोली, एक मोरी, नळ बाहेर सगळ्यांचा. पौषातली सकाळ होती. फारुख रात्रपाळी करून आला तो काखेत बोचकं घेऊन. "एका आरोपीनं उलटी केली. धू, वाळव आणि जाळून टाक," म्हणाला. जाळायचंच आहे तर धुवायचं कशाला, हे तिच्या ओठावर आलं होतं. ओलं रक्त जळताना वास सुटतो, हे तिला नंतर सुचलं, आणि त्याला आधीच सुचलं होतं, याची तिला भीती वाटली. तिनं बाहेरून चार घागरी पाणी आत आणलं, दार लावलं, बांगड्या काढल्या. भिजल्यावर वाकळ इतकी जड झाली की हातानं हलेना, म्हणून ती पायांनी तुडवू लागली. सात पदरी वाकळ. कुणा बाईनं जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून, गव्हाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी शिवलेली. एक पदर अंजिरी होता, एक हिरवा. तुडवताना तिच्या तळपायांना ते टाके लागत होते. तिला टाक्यांची पारख होती, तिची आई रजया शिवायची. ही वाकळ शिवायला त्या बाईला दोन महिने तरी लागले असतील, असा हिशेब तिच्या मनात आपोआप होत होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी नळावर शेजारची सारजाबाई, तीही पोलिसाचीच बायको, हळूच म्हणाली, "ठाण्यात एक मानूस गेला म्हनं. छातीत कळ आली." हसीनाबीनं घागर उचलली. कुणाची छाती, कसली कळ, हे तिनं फारुखला विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढं कधीही नाही.

आणि वाकळ तिनं जाळली नाही. कलीम चार वर्षांचा होता, तापानं फणफणला होता, घरातली एकुलती एक रजई त्यानं भिजवून ठेवली होती. दोरीवर ती वाकळ वाळून कोरडी ठणठणीत झालेली, तिला उन्हाचा वास. संध्याकाळी फारुख घरी आला तेव्हा पोरगं तिच्याखाली घाम येऊन शांत झोपलं होतं. तो बूट न काढता खाटेपाशी उभा राहिला. बराच वेळ. मग तसाच बाहेर निघून गेला. नंतरचे आठ-नऊ हिवाळे कलीम त्याच वाकळीत झोपला. पुढं ती विरली, तिची पायपुसणी झाली, तीही गेली. पण नवरा-बायकोच्या मधे ती पसरलेलीच राहिली. फारुख रात्री कूस बदलायचा, आणि ती अंधारात डोळे उघडे ठेवून विचार करायची, ह्या माणसाच्या हातानं झालं का? मग तिला वाटायचं, त्याला कळलंय आपण काय विचार करतोय ते. संसार असाच झाला. वाईट झाला असंही नाही. तो दारू प्यायला नाही, तिच्यावर हात उगारला नाही, कलीमला शिकवलं, पोलीस भरतीत कलीम लागला तेव्हा मात्र पेढा हातात घेऊन नुसता बसून राहिला. "खुशी नै हुई क्या?" तिनं विचारलं होतं. "हुई की," म्हणाला आणि पेढा तसाच ताटलीत ठेवला.

सोमवारी सकाळी तिनं शाहिस्ताला विचारलं, "त्या पिच्चरची कहाणी कुणी लिहिली, मोबाइलवर असतं का ते?" शाहिस्तानं पाहून सांगितलं, "कोण तो श्रीनाथ आहे. बेंबळीचा." बेंबळी हे नाव हसीनाबीला ठाऊक होतं. फारुख सेवानिवृत्त झाल्यावर दर हिवाळ्यात एक दिवस गायब व्हायचा. गुरुसिद्धप्पाकडं जाऊन येतो म्हणायचा. हा त्याचा जुना जोडीदार, सीमेकडच्या एका गावी राहणारा. पण एका वर्षी सदरा धुताना खिशात एसटीचं तिकीट निघालं. अक्षरं जुळवत तिनं वाचलं, बेंबळी. दुसऱ्या वर्षी तिनं मुद्दाम खिसा तपासला, पुन्हा बेंबळी. त्या वयात तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. बाई असेल, असं तिनं धरून टाकलं. तिसऱ्या वर्षी तो निघताना तिनं त्याच्या अंगावरून वास घेतला, अत्तर लावलंय का म्हणून. अत्तर नव्हतं. दाढीही केलेली नव्हती. बाईकडं जाणारा माणूस असा जातो का? आणि परत आला की दोन दिवस जेवणावर वासना नसायची. हेही तिनं आपल्या संशयाच्या बाजूनंच लावून घेतलं होतं.

तिनं सारजाबाईला फोन लावला. ती आता माकणीला लेकाकडं असते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हसीनाबी म्हणाली, "अगं, लाइनीतल्या त्या वक्ताच्या गोष्टी तू कधी कुनाला सांगितल्यास का?"

"कसल्या गोष्टी?" सारजाबाई लगेच म्हणाली, जरा जास्तच लगेच. मग थोडं थांबून, "हसीना, म्या काय बगितलं न्हाय. तुज्या दाराच्या फटीतनं लाल पानी आलं हुतं, तेवडंच. म्या वर राख टाकली. कुनाला बोलले न्हाय, देवाशपत."

म्हणजे तिला ठाऊक होतं. चोवीस वर्षं ठाऊक होतं. हसीनाबीनं फोन ठेवला आणि लाइनीतल्या सगळ्या बायका, नळावर हसणाऱ्या, ईदला शीरखुर्मा खाऊन गेलेल्या, एकेक करून नव्यानं आठवल्या. त्यांतल्या कुणाचंच हसणं आता सरळ वाटेना. पण बांगड्या सारजाबाईला दिसल्या नसणार. दार बंद होतं.

मंगळवारी ती शाहिस्ताला दवाखान्याचं सांगून एसटीत बसली. बेंबळीच्या थांब्यावर उतरून तिनं पानटपरीवाल्याला विचारलं. "पिच्चरवाला श्रीनाथ व्हय?" तो हसला. "पिच्चर पडला की वो त्याचा. तो पुन्याला असतोय. घरी चुलती हाय, कडूबाई. मारुतीच्या मागं, निळं दार." निळं दार उघडंच होतं. अंगणात साठीची एक बाई सुपात तूर निवडत बसली होती. कपाळ मोकळं, डोईवर पदर. हसीनाबी दारात थबकली. बाईनं वर पाहिलं, बुरख्याकडं, मग चेहऱ्याकडं, आणि सूप खाली ठेवलं.

"तुमी हवालदाराच्या मालकीन न्हवं?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"पयल्यांदाच मुसलमान बाई माज्या दारात आली, आन् ती बी पिच्चर लागल्यावर. या. आत या."

चटईवर बसताना हसीनाबीनं भिंतीकडं पाहिलं. हार घातलेला एक फोटो होता, पागोट्यातला तरणा माणूस, लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला. कडूबाई म्हणाली, "हे आमचे. कोंडीराम. कुनाच्या तरी हिरीवरची मोटार चोरीला गेली, म्हनून सवशयावर नेलं. मोटार पुढं त्याच हिरीत घावली. थंडी हुती, म्हनून म्या ठान्यात वाकळ देऊन आले. सकाळी सांगितलं, छातीत कळ आली. बाडी दिली, वाकळ दिली न्हाय."

एवढं सांगायला तिला फार वेळ लागला नाही. ती हे पुष्कळदा बोललेली होती, असं आवाजावरून वाटलं. मग तिनं फारुखचं सांगितलं. रिटायर झाला त्या पौषात तो आला होता. पहिल्या वर्षी तिनं त्याला दारातच उभं केलं. दुसऱ्या वर्षी तो वट्ट्यावर बसला. नंतर चटईवर. "दर साली त्याच तारकंला यायचे. म्या म्हनायची, पयल्यापासनं सांगा. ते पयल्यापासनं सांगायचे. सायबानं मारलं, दुसऱ्या दोघांनी धरलं, तुमच्या मालकांनी मारलं न्हाय. ह्यांच्याकडं किल्ली हुती. आमचे पानी मागत हुते, सायब नको म्हनला, म्हनून ह्यांनी दिलं न्हाय. पहाटं डायरीत टायम खोटा लिवला. वाकळ घरला नेली, बायकूनं बांगड्या काढून धुतली आन् जाळली. सांगून झालं की उठायचे. नऊ सालं. श्रीनाथ आत आब्यासाला बसायचा, त्याच्या कानावर पडायचं. त्यानं लिवलं. मग पिच्चरवाल्यांनी त्यात भाऊ घुसवला आन् सगळ्यांला मारून टाकलं." ती किंचित हसली. "आमच्यांला भाऊ हुता कुटं तसला? श्रीनाथचा बा तर वाऱ्यानं पडायचा."

म्हणजे बाई होती, आणि ती ही होती. हसीनाबीला आधी सुटल्यासारखं वाटलं. मारलं नाही. चोवीस वर्षं जी गोष्ट ती अंधारात उलटी-सुलटी करत होती तिचं उत्तर ह्या अंगणात होतं. त्यानं मारलं नाही. मग दुसरी गोष्ट वर आली, आणि ती कडू होती. आपल्याशी जे एकदाही बोलला नाही ते हिच्यापुढं नऊ वेळा बोलला. आपल्या बांगड्यासुद्धा हिला देऊन टाकल्या. आणि ह्या दोन्हींच्या मागून तिसरी गोष्ट हळूच आली. वाकळ जाळली, असं तो म्हणाला होता. नऊ वेळा. कलीमच्या अंगावर ती रोज पाहूनही.

"जाळतानाचं मातर त्यांनी कदी नीट सांगितलं न्हाय," कडूबाई म्हणाली. ती आता तिच्याकडं एकटक पाहत होती. "मला तेवडंच इचारायचंय तुमाला. बाकी सगळं मला पाट हाय. वाकळीत माजं लग्नातलं अंजिरी लुगडं हुतं. ते कसं जळलं?"

हसीनाबीला दिसत होतं, की होय म्हणणं फार सोपं आहे. चुलीत घातली, जळली. बाईला तेवढं पुरेल, फारुखचं नऊ वर्षांचं बोलणं जसंच्या तसं राहील. आणि जाळली नाही म्हटलं, तर एक टाका उसवेल, मग शेजारचा, मग सगळी शिवण. तो वाकळीबद्दल खोटं बोलला असेल, तर मारलं नाही हे तरी खरं कशावरून? हिलाही हाच प्रश्न पडेल. आणि आपल्याला तो आत्ताच पडलाय.

बाहेर मोटारसायकल येऊन थांबली. इंजिन चालूच. निळ्या दारातून कलीम दिसला, खाकी वर्दीत, हेल्मेट हातात. शाहिस्तानं त्याला सांगितलं असणार, त्यानं दवाखान्यात विचारलं असणार, मग शाहिस्तानं सिनेमाचं आणि बेंबळीचं सांगितलं असणार. वर्दी पाहून कडूबाईनं पदर नीट केला नाही की उठली नाही, फक्त सूप जवळ ओढलं.

"अम्मी, चल," कलीम तिथूनच म्हणाला. "काय करायलीस इथं? लोक आधीच काय काय बोलायलेत."

"कोण बोलायलंय?"

"कुणी नाही. चल तू."

म्हणजे ह्याच्याही मनात काही होतं. ठाण्यात कुणी सिनेमावरून टोमणा मारला असेल, जुना एखादा हवालदार हसला असेल. हा कधीपासून घेऊन फिरतोय? हसीनाबी मुलाच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. बापाचाच जबडा, बापासारखंच आतून घट्ट मिटलेलं तोंड. हाही घरी येईल, कूस बदलत राहील, आणि शाहिस्ता अंधारात डोळे उघडे ठेवून पडेल.

"गाडी बंद कर," ती म्हणाली. "आत ये. बस."

तो थोडा वेळ तसाच राहिला. मग इंजिन बंद झालं. अंगण एकदम इतकं शांत झालं की सुपातली तूर सरकल्याचं ऐकू आलं. तो आत आला, पण बसला नाही.

"अक्का," हसीनाबी म्हणाली, "वाकळ जाळली नाही. मी जाळली नाही. पोरगं तापलं होतं, त्याच्या अंगावर घातली. नऊ हिवाळे घातली. त्यांनी ते रोज पाहिलं."

कडूबाईचा हात सुपात थांबला. तिनं कलीमकडं पाहिलं, पायांपासून वर, त्याच्या रुंद खांद्यांपर्यंत. कलीमला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवरून फिरला, अंगावर काही आहे का पाहिल्यासारखा.

"माज्या लुगड्यात," कडूबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "माज्या मानसाच्या रगतात तुमी पोरगं वाढिवलं व्हय?" ती उठायला गेली, उठता आलं नाही, तूर चटईवर सांडली. हसीनाबीनं मान खाली घातली नाही. बऱ्याच वेळानं कडूबाईनं डोळे पुसले आणि विचारलं. ती जे विचारणार हे हसीनाबीला ठाऊक होतं, तेच. "मंग बाकीचं बी खोटंच आसंल? मारलं न्हाय म्हनले, ते?"

"मला ठाऊक नाही," असं हसीनाबीला म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वाकळ धुतली त्या आठवड्यातलं एक ताट तिच्या डोळ्यांपुढं आलं. त्याचा तिनं आजवर कधी विचारच केला नव्हता, कारण विचार केला असता तर विचारण्यासारखं काही उरलंच नसतं. भाकरी आणि बेसन. ताटाशेजारी चमचा. फारुख कधी चमच्यानं जेवला नव्हता, साहेबलोकांच्या लग्नातसुद्धा नाही.

"आठ दिवस चमच्यानं जेवत होते," ती म्हणाली. "हात सुजला होता. बोटांची हाडं दिसत नव्हती. दारात सापडला म्हणाले. मी हळद-चुना लावला."

मारुतीच्या देवळापुढं कुणाचा तरी ट्रॅक्टर वळत होता, तो वळून निघून जाईपर्यंत तिघंही जागच्या जागी होते. मग कडूबाई आत गेली आणि श्रीनाथची एक जुनी वही आणि पेन घेऊन आली. वही तिनं हसीनाबीपुढं ठेवली.

"लिवून द्या. ह्याचं काय करायचं ते म्या बगीन. कोरटात जाईन न्हायतर जानार न्हाय. पर कागदावर खरं पायजे मला."

"मला लिहिता येत नाही, अक्का."

दोघींनीही एकदमच कलीमकडं पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दिवसाला चार-चार जबाब लिहिणारा माणूस. हसीनाबीला वाटलं, आता हा जाईल, इंजिन सुरू होईल, आणि आपण एसटीनं परत जाऊ. तसं झालं असतं तरी तिनं त्याला दोष दिला नसता. कलीमनं हेल्मेट जमिनीवर ठेवलं. चटईवरची तूर हातानं बाजूला सारून जागा केली, मांडी घातली, वही मांडीवर घेतली. "जबाब देणाराचं नाव," तो सवयीनं पुटपुटला, आणि न विचारताच लिहिलं. वय लिहिलं. मयत पतीचं नाव लिहिताना पेन थांबलं. मग तेही लिहिलं. त्यानं सुरुवातीपासून विचारलं, ती सांगत गेली. बोचकं, घागरी, बांगड्या, दोरी, ताप. तो लिहीत गेला, वर न बघता. चमच्यापर्यंत आले तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"कुठला हात?" त्यानं विचारलं.

"उजवा," हसीनाबी म्हणाली, आणि त्यानं ते लिहून घेतलं.